पाण्यात लागलं

आमच्या घरात मला दुधावर बरं करायचं ठरलं होतं. गोठ्यात सहा म्हशी होत्या, आणि दुधानं हाडं घट्ट होतात हे आमच्या गावात, गडमुडशिंगीत, कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. सकाळी आबा धारा काढायला बसले की रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज सोप्यात माझ्या बाजेपर्यंत यायचा. चरवी भरत जाईल तसा तो आवाज जाड होत जायचा, आणि थांबला की मला कळायचं, आता पेला येणार. पेला आबा स्वतः घेऊन यायचे. कोमट, फेसाळ, म्हशीच्या अंगाचा वास असलेलं दूध. "एका दमात पी," म्हणायचे आणि माझं पिऊन होईतो समोर उभे राहायचे. रविवारी मटण आलं की नळ्या माझ्या ताटात पडायच्या. आई रश्श्यासाठी आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, काढायची, त्यातली पहिली वाटी माझी. जनावराच्या हाडातलं बळ पोरीच्या हाडात उतरणार, असा सगळ्यांचा हिशेब. माझ्यात मुळातच हाड धरून ठेवणारा धागा कच्चा आहे आणि तो दुधानं, नळ्यांनी भरून येत नाही, हे मला कळलं तोवर मला दुधाच्या वासानंच ओकारी यायला लागली होती. आजही चहा मी कोराच घेते.

हाडं मोडायला मला काही लागायचं नाही. शिंकताना बरगडी मोडली आहे. झोपेत कूस बदलताना हाताचं हाड मोडलं आहे. पहिल्यांदा मोडलं तेव्हा मी रांगतही नव्हते, आईनं लंगोट बदलताना पाय वर धरला एवढंच निमित्त झालं. त्यानंतर आई मला हात लावायच्या आधी दर वेळी दोन्ही हात पदराला पुसायची, जणू हाताला काही लागलं होतं. मोडायचा आवाज फार मोठा नसतो. बाहेरच्या माणसाला तो ऐकूही जात नाही. आतून मात्र ओली काटकी मोडल्यासारखा ऐकू येतो, आणि दुखायला लागायच्या आधी एक क्षण नुसती शांतता असते. त्या क्षणात मी तोंड मिटून घ्यायला शिकले होते, कारण मी ओरडले की आई ओरडायची, आणि आई ओरडली की आबा गोठ्यात जाऊन म्हशींवर ओरडायचे. मग हाडवैद्य यायचा, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप लावून बांबूच्या कांबी बांधायचा, आणि मी महिना दीड महिना पुन्हा बाजेवर.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे, तो का, तेही सांगितलं होतं. आबांनी त्यातलं एकच घरी आणलं. "काचंची हाडं हायत म्हणं पोरीची." त्या दिवसापासून मी घरात काच झाले. काचेला कुणी हात लावत नाही, आणि काच कुठं ठेवायची एवढंच घरातल्यांनी ठरवायचं असतं.

शाळेत मला आई न्यायची. दुधाचे कॅन वाहायचा दोन चाकी हातगाडा होता, त्यावर वाकळ अंथरून. सकाळचं दूध घालून आली की कॅन उतरवायची आणि मला चढवायची. माझ्या परकराला कायम आंबूस वास यायचा आणि पोरी मला 'कॅन' म्हणायच्या. ते मला फारसं लागलं नाही. लागायचा तो खेळाचा तास. सगळ्या पोरी मैदानात धावायच्या आणि मला कडेच्या कट्ट्यावर बसवून हातात शिट्टी द्यायचे. "शालन आमची पंच," असं म्हणायचे. खो-खोत कोण आधी उठलं, कोण बाद, हे मला सांगायचं असायचं. आणि मी काहीही सांगितलं तरी पोरी त्यांना हवं तेच करायच्या.

मी सातवीत असताना, संक्रांतीच्या सुमारास, शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या, साळोखे बाई. कोल्हापुरातल्या, उंच, खांद्यानं रुंद, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची पोरगी दचकावी. दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खेळाच्या तासाला काय करतीस?"

"शिट्टी वाजवतो," मी म्हणाले. आमच्याकडं पोरीही स्वतःला आलो-गेलोच म्हणतात.

"शिट्टी वाजवणं म्हंजे खेळणं न्हवं. तुला पंच व्हायचंय का खेळायचंय?"

"मोडतंय, बाई."

"बसल्या जागी कधी मोडलं न्हाई?"

"मोडलंय की."

"मग?" असं म्हणून त्या थांबल्या. घरात आजवर कुणी मला हा प्रश्न घातलाच नव्हता.

त्या शनिवारी त्या एकट्याच राजारामपुरीत माझ्या डॉक्टरांकडं जाऊन आल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि खाली डॉक्टरांची सही घेतली. मग ती वही घेऊन आमच्या घरी आल्या. सोप्यात आबा होते आणि आबांचे थोरले भाऊ, ज्यांना सारं गाव तात्या म्हणायचं. तात्या आमच्या शाळेच्या संस्थेत संचालक होते, त्यामुळं बाई आधी त्यांच्याशी बोलल्या. पोरीला झोपवून ठेवलं तर हाडं आणखी विरळ होतील, हे त्यांनी वाचून दाखवलं. हालचाल पाहिजे, रोज पाहिजे. फक्त पिळा द्यायचा नाही, हिसका द्यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी काखेत हात घालून उचलायचं नाही. जे करायचं ते तिचं ती करेल. आणि सगळ्यात चांगलं पाणी, कारण पाण्यात अंगाचा भार हाडांवर येत नाही.

"पाण्यात म्हशी डुंबत्यात," तात्या म्हणाले. "पोरी न्हाईत."

आबा हसले. तेव्हा आतून आई बाहेर आली. तात्यांच्या समोर ती कधी बाहेर येत नसे. डोक्यावरचा पदर धरून, भिंतीकडं बघत म्हणाली, "जाऊ द्या तिला. हितं पडून तरी कुठं घट्ट झालीया?"

बाईंनी वही पुढं केली आणि त्या तीन नियमांखाली आबांची सही घेतली. आबांनी सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. ती सही मला अजून दिसते.

पाण्याच्या आधी दोन महिने त्यांनी मला जमिनीवर तयार केलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीची घडी, त्यावर मी, आणि समोर भिंत. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा चेंडू करून तो भिंतीवर मारायचा आणि झेलायचा. मूठभर वाळूच्या दोन पिशव्या त्यांनी शिवून आणल्या होत्या. त्या तळहातावर ठेवून हात सावकाश वर न्यायचे. दीर्घ श्वास घेऊन कागदाचा कपटा फुंकरीनं भिंतीला चिकटवून ठेवायचा. हे सगळं माझ्याबरोबर करायला कुंभारांची मंगल असायची. तिचा एक पाय पोलिओनं वाळला होता, ती गुडघ्यावर हात दाबून चालायची. आम्ही दोघी बसून लगोरी खेळायचो, हलक्या लाकडी चकत्यांची. मंगल अट्टल लबाड होती. ती चकत्या ढकलून पाडायची आणि मी शिट्टी नसताना भांडायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी तरी खेळावरून भांडले.

आता मला दर गुरुवारी राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये जायचं असतं. तिथं माझ्या आजाराची चारपाच पोरं येतात. त्यांना आता सलाईनमधून औषध मिळतं, मांडीच्या हाडात सळई घालतात, आणि तिथली तरुण पोरगी त्यांना फुग्यानं खेळायला लावते, पाण्यात फोमच्या नळ्यांवर तरंगवते. तिनं हे सगळं कॉलेजात शिकलंय. मी एकदा तिला वाळूच्या पिशव्यांचं सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, आम्ही पण हेच करतो की, फक्त पिशव्या विकत आणतो." साळोखे बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडं फक्त एक वही होती आणि त्या माझ्याकडं बघत असत.

तलाव कोल्हापुरात होता. बायकांची वेळ दुपारची. बाईंचे मिस्टर रिक्षा चालवायचे. ते शनिवारी आम्हाला न्यायला यायचे आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याआधी गाडी इतकी हळू करायचे की मागचे लोक शिव्या घालायचे. पहिल्या दिवशी मी पायरीवर बसून नुसतं पाण्यात पाय सोडून बसले. दुसऱ्या शनिवारी एक पायरी खाली. बाई पाण्यात उभ्या असायच्या, माझ्यापासून हातभर लांब, तळवा उघडा ठेवून. पण धरायच्या नाहीत. "मी हितं हाय," एवढंच म्हणायच्या. पाचव्या का सहाव्या शनिवारी पाणी माझ्या गळ्याला लागलं आणि पाय तळाला टेकले, आणि मी उभी होते. आजूबाजूला शिकायला आलेल्या बायका होत्या, सगळ्यांची नुसती डोकी पाण्यावर. माझं डोकं त्यांच्या डोक्यांच्या रांगेत होतं. माझ्याकडं कुणी वाकून बघत नव्हतं. मंगल पलीकडं दांडीला धरून वाळलेला पाय हलवत होती आणि ओरडत होती, "बाई, ह्यो हलतोय. बघा की, ह्यो हलतोय." बाई एकदा तिच्याकडं बघत होत्या, एकदा माझ्याकडं. त्यांचा चेहरा पाण्यानं ओला होता, तेव्हा रडत होत्या का ते सांगता येत नाही.

सहासात महिन्यांत मी पाण्यात काठ धरून तलावाची रुंदी चालायला लागले. पाठीवर तरंगायला लागले. घरी भिंतीला धरून उभी राहायला लागले आणि दिवाळी आली तोवर बाईंनी दिलेल्या दोन काठ्यांवर सोप्यापासून गोठ्यापर्यंत बारा पावलं जायला लागले. त्या सगळ्या काळात माझं एकही हाड मोडलं नाही. आई हे कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागेल म्हणून.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. आबांची त्यात मोठी हौस. गंगी नावाची आमची म्हैस, तिला तेल लावून काळीभोर चमकवलेली, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला मोरपिसं. सकाळी तिला घेऊन आबा शहरात गेले आणि दुपारी परत आले ते हलगीच्या नादातच. चांगली शाबासकी मिळाली होती. अंगणात पावणेरावळे जमले होते, पंधरावीस माणसं. आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. मीही ओवाळणार होते. मी काठ्या घेतल्या आणि सोप्याची पायरी उतरून निघाले. सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी पावलं मोजत होते म्हणून मला ते उशिरा कळलं.

"आरं म्हादबा," कुणीतरी पावणं म्हणालं, "पोरगी चालती की रं तुझी."

मी वर बघितलं. आबांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. कपाळावर गुलाल, आणि खालचा ओठ लहान पोरासारखा हलत होता. ते दोन ढांगांत माझ्याजवळ आले. मला वाटलं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी माझ्या काखेत हात घातले.

"आवो, नगं," आई म्हणाली. "उचलू नगा. बाईंनी सांगितलंय न्हवं?"

"माझी पोर हाय ती. बाईची न्हाई," आबा म्हणाले, आणि मला उचलून सगळ्यांना दिसेल असं गंगीच्या पाठीवर बसवलं, एक पाय इकडं, एक पाय तिकडं. म्हशीची पाठ रुंद असते. गंगीनं एकच पाऊल पुढं टाकलं. हलगी वाजत होती, त्यामुळं आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मी ऐकला. उजवी मांडी. मग ती क्षणभराची शांतता, आणि मी तोंड मिटून घेतलं, सवयीनं. आबा खाली उभे राहून माझ्याकडं बघत हसत होते. मी तोंड मिटलेलं त्यांना हसल्यासारखं दिसलं असणार.

दवाखान्यात तात्या आमच्याबरोबर आले. आबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आत आलेच नाहीत. डॉक्टर फोटो काढायला सांगून बाहेर गेले तेवढ्यात तात्या माझ्या उशाशी वाकले. त्यांच्या तोंडाला करंजीचा, खोबऱ्याचा वास होता. हळू आवाजात म्हणाले, "शालन, कसं झालं इचारतील. म्हशीचं सांगू नगं. कागदावर सही केलीया तुझ्या आबानं. अशा टायमाला डॉक्टर पोलिसांस्नी कळवत्यात. बापाला दिवाळीत ठाण्यात न्यावं असं वाटतंय का तुला?"

मी मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "पोहायला नेत्यात तिला. पाण्यात लागलं." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होते. ते काहीतरी लिहायला लागले.

मला वाटलं होतं, ते तिथं संपलं. पण तात्यांना ते तिथं ठेवून चालणार नव्हतं. गावात म्हादबाच्या पोरीचं काय झालं ही चर्चा होती, आणि जो तो आबांकडं बघत होता. दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या सोप्यात हेडमास्तर आले, तात्या आले, आणि मागून साळोखे बाई आल्या. मी कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, बाजेवर आडवी. आबा गोठ्याच्या दारात चौकटीला टेकून उभे होते. आईनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज येत होता.

हेडमास्तर भला माणूस होता, असं आजही लोक म्हणतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. आम्हाला फक्त एवढंच सांग. सुट्टीत तुला तलावावर नेलं होतं. पाण्यात लागलं, होय ना?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आबा खाली जमिनीकडं बघत होते. तात्या माझ्याकडं बघत होते. बाई कुणाकडंच न बघता माझ्या प्लास्टरकडं बघत होत्या, नीट बसवलंय का ते तपासावं तशा. मी तेरा वर्षांची होते. मला बोलता येत होतं. हलगी, गंगी, गुलाल, सगळं माझ्या तोंडाशी होतं.

"व्हय," मी म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. एवढंच. त्यांनी चहा घेतला नाही. उठल्या, माझ्या बाजेजवळ आल्या, प्लास्टरखालची उशी थोडी सरकवली. मग आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "हिला पायाची बोटं रोज हलवायला लावा. दुसरा पाय पण. पडून राहू देऊ नका." आणि गेल्या. मिस्टरांची रिक्षा बाहेर उभी होती. ती सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

महिन्याभरात बाईंची बदली संस्थेच्या राधानगरीकडच्या शाळेत झाली. पुन्हा कुठल्याही पोरीला मैदानाबाहेर नेणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं, हे मला खूप नंतर कळलं. शनिवारचं पाणी बंद झालं. मंगलला तर कुणी काही विचारलंसुद्धा नाही. ती एकदा आमच्या दारापर्यंत आली, गुडघ्यावर हात दाबून, आणि आत न येता बाहेरूनच म्हणाली, "माझा पाय हलत हुता." मी बाजेवरून ऐकलं. त्यानंतर ती कधी आली नाही. आज ती बाजारात मडकी, पणत्या विकायला बसते, आणि माझी चाकांची खुर्ची समोरून गेली की ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागते.

मला जपायला लागले. हा शब्द मला अजून सहन होत नाही. प्लास्टर निघालं, पण मला कुणी उभं राहू दिलं नाही. आई पायाची बोटं हलवायला सांगायची, काही दिवस, चोरून. मग आबा रागवायचे, "पुन्यांदा मोडायची हाय का?" आणि ती थांबायची. काठ्या माळ्यावर गेल्या. चार वर्षं मी त्या बाजेवर होते. डॉक्टरांनी वहीत लिहून दिलं होतं तसंच झालं, हाडं विरळ झाली, पाठीचा कणा वाकला, आणि ती बारा पावलं मी पुन्हा कधी चालले नाही. आबा मला अंगणात न्यायचे ते उचलून. फार हळू उचलायचे. मी बाहेरून परीक्षा दिल्या, पुढं एसटीडी बूथ चालवला, मग शिकवण्या घेतल्या. कुणाला दया यावी असं आयुष्य नाही ते. पण ते बसून काढलेलं आहे, आणि ते बसून काढावंच लागलं असतं असं नाही, हे मला ठाऊक आहे.

अंगणातल्या पंधरावीस माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मी पुष्कळ वर्षं त्यांच्यावर चिडून होते. ते सोपं होतं.

आई गेल्यावर, म्हणजे मी पन्नाशीला पोचल्यावर, एक दिवस भाड्याची गाडी करून राधानगरीला गेले. बाई निवृत्त होऊन तिथंच राहिल्या होत्या. मिस्टर नव्हते. पाऊस असा की गाडीतून घरात जाईतो ड्रायव्हरनं धरलेल्या छत्रीखाली मी आणि खुर्ची दोघी भिजलो. बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या पण खांदे तेच. त्यांनी मला ओळखलं, टॉवेल दिला, चुलीजवळ घेतलं. मी चहाच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, पाडवा, म्हैस, तात्यांचं बोलणं. जवळजवळ चाळीस वर्षं पाठ केलेलं होतं, पाच मिनिटांत संपलं.

"मला ठाऊक हुतं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. सुट्टीत मी तुला नेलंच न्हवतं, आणि दिवाळीत तलाव बंदच असतोय. पाणी सोडून घासत्यात. हेडमास्तरांचा थोरला तिथंच पोहायला यायचा, त्यांस्नी पण ठाऊक हुतं."

मी ओला टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाही?"

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "तवा मला वाटलं, प्लास्टरमधल्या पोरीला चार माणसांत खोटं कशाला पाडायचं. ते मला लई चांगलं वाटलं, माझं मला. पण तसं नव्हतं ते. मी दमलते, शालन. दर शनिवारी कुणाच्या तरी पाया पडून तुम्हांस्नी न्यायचं, त्याला दमलते. त्या मंगलसाठी तरी बोलाय पायजे हुतं. तिचा पाय हलत हुता." त्यांनी चहाचं आधण उतरवलं. "तू लहान हुतीस म्हणून सोडून दिलं, असं काय मी म्हणणार न्हाई. तेरा वर्सांची पोरगी लहान नसती. तूही बोलाय पायजे हुतंस."

मी तेच ऐकायला गेले होते की दुसरं काही, हे मला सांगता येत नाही. त्यांनी मला जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, आमटी. निघताना माझे दंड चाचपून बघितले, गिऱ्हाईक बाजारात दुधीभोपळा बघतं तसे, आणि म्हणाल्या, "हात चांगले ठेवलेस." त्या पुढच्या वर्षी गेल्या. मला ते चार महिन्यांनी कळलं.

राधानगरीहून परत आले त्या संध्याकाळी आबा सोप्यात बसले होते. ऐंशीच्या घरात होते, म्हशी केव्हाच विकल्या होत्या. मी खुर्ची त्यांच्यासमोर घेतली.

"साळोखे बाईंकडं जाऊन आलो," मी म्हणाले.

त्यांनी पायावरची घोंगडी सारखी केली.

"सगळं सांगितलं त्यांना. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं."

ते बराच वेळ तळवे एकमेकांवर चोळत राहिले. मी थांबले. मला वाटलं, आता येईल. एवढी वर्षं हा माणूस मला रोज उचलत होता, रोज हळू उचलत होता, ते काही उगीच नव्हे. आता एक शब्द येईल, मग तो कसलाही असो.

"मी कुठं काय म्हणालो हुतो?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मास्तरांनी इचारलं तवा व्हय तूच म्हणालीस."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या संध्याकाळी त्या सोप्यात आबांनी खरोखरच एक शब्द उच्चारला नव्हता. आणि त्यांच्याकडं बघताना मला कळलं की ते मला फसवत नव्हते. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःला ते इतक्या वेळा सांगितलं असणार की त्यांच्यापुरतं तसंच घडलं होतं.

त्यानंतर ते चार वर्षं जगले. मी त्यांची औषधं वेळच्या वेळी दिली. पाण्याबद्दल आणि बाईंबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. त्यांच्या दहाव्याला सोप्यात माणसं बसली होती, आणि कुणीतरी म्हणालं, म्हादबानं पोरीला फुलासारखी जपली, असा बाप बघायला मिळत न्हाई. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यातले तिघं जण त्या पाडव्याला आमच्या अंगणात होते.